एल्सीच्या आईची चहादाणी

१

गुरुवारी दुपारी चार वाजता, चहा ओतायच्या ऐन वेळी, एल्सी कार्टलिजने चहादाणी उचलली, क्षणभर तशीच धरली आणि परत टेबलावर ठेवून दिली.

"ही माझ्या आईची नाही," ती म्हणाली. "कुणीतरी बदललीय."

दीड महिन्यात हे पाचव्यांदा घडत होतं. तिच्या नवऱ्याने, एनॉकने, ओटच्या धिरड्यावर चीज पसरायचं काम चालूच ठेवलं. मुलगी जॅनिसने नवऱ्याकडे पाहिलं. जावई क्लाइव्ह खिडकीबाहेर, शेरॅटच्या बंद पडलेल्या चिनीमातीच्या कारखान्याच्या धुराड्याकडे बघत बसला. समोरच्या घरातून खास बोलावून आणलेल्या फ्लॉरी टॅम्सला आता कळलं की आपल्याला नुसतं चहाला बोलावलेलं नाही.

फ्लॉरीचं वय एकाहत्तर. त्यातली पंचेचाळीस वर्षं तिने शेरॅटकडे निवडीच्या बाकावर काढलेली. भट्टीतून निघालेला नग हातात घ्यायचा, टिचकी मारून नाद ऐकायचा, उलटा करून बूड पाहायचं आणि निर्दोष की सदोष ते एका दमात सांगून मोकळं व्हायचं. पाद्रीबुवांचं टक्कल समोर आलं तर त्यालाही ती टिचकी मारेल, असं लाँगटन गावात लोक तिच्या तोंडावर म्हणत, आणि तिला त्याचा राग येत नसे.

जॅनिसने पर्समधून घडी केलेला कागद काढला. शहराबाहेरच्या वृद्धाश्रमाचा अर्ज होता तो. डॉक्टरांचं मत पडलं होतं की आई वस्तू विसरते, दिवस विसरते आणि आता नसत्या चोऱ्यांचे संशय घेते. आणखी वाट बघू नका. एनॉक सहीला तयार नव्हता. शेवटी असं ठरलं होतं की निवाडा फ्लॉरीमावशीने करायचा.

"मावशी, तुमच्या हाताखालून असल्या हजारो गेल्या असतील," जॅनिस म्हणाली. "ही तीच असेल तर सोमवारी आम्ही सही करतो. नसेल तर आईची मी पाय धरून माफी मागेन."

"सांग, फ्लॉरी," एल्सी म्हणाली. "मी वेडी झालेय का, ते एकदाचं सांगून टाक."

चहादाणी तशी साधीच. गोल पोटाची, पांढऱ्यावर निळी घंटाफुलं. ती फुलं रंगवणाऱ्या बाकावर एल्सीची आई, अ‍ॅडा, काम करायची. चौतिसाव्या वर्षी छातीच्या दुखण्याने ती गेली तेव्हा एल्सी दहा वर्षांची होती. आईचा फोटो नाही, पत्र नाही, अंगावरचं कापड नाही. राहिली ती एवढी चहादाणी. गेली चौपन्न वर्षं एल्सी रोज चार वाजता तिच्यातूनच चहा ओतत आली होती आणि ओतण्याआधी दोन्ही हातांनी जरा वेळ धरून ठेवायची. असल्या हळवेपणाचा फ्लॉरीला एरवी तिटकारा होता. पण गरम चहादाणी पोटाशी धरून उभी असलेली एल्सी दिसली की तीसुद्धा मान वळवायची.

एल्सीने ती तिच्या हाती दिली. देताना एल्सीचं मधलं बोट बुडाखाली काहीतरी चाचपडत होतं. फ्लॉरीला ते दिसलं आणि तिने ते सोडून दिलं.

तिने झाकण काढून चहा मोरीत ओतला. आत चहाचा तपकिरी थर होता. टिचकी मारली, नाद स्वच्छ आला. मग तिने चहादाणी उलटी केली. शेरॅटचा शिक्का, त्याच काळातला. झिलई सारखी, फुलं सारखी, कुठे ठिपका नाही की भेग नाही.

"माल शेरॅटचाच आहे," ती म्हणाली. "शिक्का बरोबर आहे. दोष एकही नाही."

एल्सी खुर्चीत बसली. ती रडली नाही, भांडली नाही. "मग माझंच डोकं गेलंय," एवढंच म्हणाली, आणि जॅनिसने तो कागद टेबलावर पसरला.

२

घरी आल्यावर फ्लॉरीने कोटही न काढता बशीत कालचं धिरडं घेतलं. एक घास खाऊन बाजूला ठेवलं. बशी धुवायला घेतली आणि हाताच्या सवयीने उलटी केली. या गावातल्या माणसाला भांडं उलटं करून शिक्का पाहिल्याशिवाय चैन पडत नाही, मग ते राणीच्या टेबलावरचं का असेना.

बशीच्या शिक्क्यावरून आडवा ओरखडा गेलेला होता.

ती बघतच राहिली. मग तिने कप उलटा केला. ओरखडा. कपाटातली मोठी ताटली, सूपची वाटी, लग्नात मिळालेला दुधाचा जग. सगळ्यांवर ओरखडा. निवडीच्या बाकावर सदोष नग निघाला की शिक्क्यावर कानस ओढायची, म्हणजे तो निर्दोष म्हणून कुठे विकला जाणार नाही. आणि कारखान्यातल्या माणसांच्या घरी जायचा तो फक्त हाच माल. जन्मभर उत्तम भांडी घडवलेल्या या गल्लीत निर्दोष भांडं एकाच्याही घरी नव्हतं.

आणि अ‍ॅडाच्या चहादाणीत फ्लॉरीला आज एकही दोष सापडला नव्हता.

तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. पंचेचाळीस वर्षं दोष शोधले, आणि जिथे दोष असायलाच हवा होता तिथे तो नाही हे लक्षात आलं नाही. एल्सीचं बोट बुडाखाली काय शोधत होतं ते आता तिला कळलं. चौपन्न वर्षं रोज बोटाला लागणारी रेघ एके दिवशी लागली नाही. एल्सीला ते सांगता येत नव्हतं, पण बोटाला ठाऊक होतं.

मग याहून वाईट अशी एक गोष्ट फ्लॉरीला आठवली. तो ओरखडा तिनेच ओढला होता. तेव्हा ती सतरा वर्षांची होती, मुकादम पाठीशी उभा होता. अ‍ॅडाच्या शेवटच्या खेपेतल्या चहादाणीच्या मुठीखाली मोहरीएवढा काळा ठिपका होता. सदोष नगाची मजुरी बुडायची, आणि अ‍ॅडा पलीकडच्या बाकावर खोकत बसली होती, हे फ्लॉरीला दिसत होतं. तरी तिने कानस ओढली. अ‍ॅडाने कुंचला पुसून ठेवला. संध्याकाळी तीच चहादाणी मागून घेऊन शालीखाली धरून घरी गेली, आणि दोन महिन्यांत वारली.

म्हणजे एल्सीचं डोकं ठिकाणावर होतं. चहादाणी खरोखरच बदलली होती. सोमवारला चार दिवस उरले होते, आणि नुसतं 'बदलली' म्हणून भागणार नव्हतं. कुणी बदलली, हे जॅनिस सगळ्यात आधी विचारणार होती.

३

हे खूळ सुरू झालं ते सप्टेंबरात एल्सी दोन आठवडे जॅनिसकडे राहून परतली तेव्हापासून. त्या दोन आठवड्यांत घराची किल्ली तिघांकडे होती. एनॉककडे, घरकामाला येणाऱ्या मिसेस सॉल्टकडे आणि जावयाकडे.

जावई म्हटल्यावर कुणाच्याही मनात जे येईल तेच फ्लॉरीच्या मनात आलं. क्लाइव्ह बर्मिंगहॅमचा. आठवडी बाजारात जुन्या कपबशा विकायचा. शुक्रवारी सकाळी ती त्याच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली आणि एक एक भांडं उलटं करत सुटली. ओरखडेवाला माल त्याच्याकडे औषधालाही नव्हता.

"मिसेस टॅम्स, सासूबाईंची चहादाणी मी लाटली असं तुम्हाला वाटतंय," क्लाइव्ह शांतपणे म्हणाला. "मला ठाऊक आहे ती. बुडाला ओरखडा होता. असली मला कुणी फुकट दिली तरी मी टेबलावर ठेवणार नाही, गिऱ्हाईक हसेल."

"होता म्हणतोस. मग काल तोंडाला कुलूप का लावलंस?"

तो ओशाळला. काल फ्लॉरीने ती उलटी केली तेव्हा तो खिडकीबाहेर बघत होता. आश्रमाची गोष्ट निघाली की त्याला त्या टेबलाशी बसवत नसे, आणि एवढं पारखणारी बाई 'तीच आहे' म्हणाली म्हटल्यावर त्याने पुन्हा पाहिलं नाही.

फ्लॉरीला त्याचं म्हणणं पटलं. सदोष चोरून तिच्या जागी निर्दोष ठेवणारा चोर अजून जन्माला यायचा आहे. चोरी झालीच नव्हती. मूळ चहादाणी फुटली होती आणि कुणीतरी ते लपवलं होतं.

निघताना क्लाइव्हने तिला आणखी एक गोष्ट सांगितली. लीक या जवळच्या गावच्या बाजारातल्या त्याच्या दोस्ताने सप्टेंबरात तशीच एक निळ्या घंटाफुलांची विकली होती. घेणारा टोपीवाला म्हातारा. दोस्ताला त्याची मौज वाटली होती, कारण म्हाताऱ्याने ती एकदाही उलटी केली नाही, दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरून घेऊन गेला. आपल्या भागातला नसावा, असं दोस्त म्हणाला होता.

मिसेस सॉल्टकडे फ्लॉरीला फार वेळ लागला नाही. त्या बाईने सरळ हात झटकले. तिच्याकडून फुटली असती तर तिने गल्ली गोळा करून रडून सांगितलं असतं, आणि ते खरंच होतं. मागे एक साधी बशी फुटली तेव्हा तिने तीन दिवस तेच पुराण लावलं होतं. तिची तक्रार वेगळीच होती.

"त्या घरात मी आता काम कसं करू, तूच सांग. शेगडीची बटणं गायब आहेत. चारही. एनॉक म्हणतो सैल झाली होती, दुरुस्तीला दिलीत. दोन महिने? आणि पाणी तापवायला विजेची किटली आणून ठेवलीय, एल्सीला ती लावताही येत नाही."

फ्लॉरी दारातच थबकली. मग तिने रस्ता ओलांडला.

४

एल्सी चर्चमधल्या शिवणवर्गाला गेली होती. एनॉक स्वयंपाकघरात एकटाच होता. पन्नास वर्षं भट्टीत माल रचणारा माणूस. खांदे अजून रुंद, पण हात आता सारखे थरथरायचे. फ्लॉरीने बसल्याबसल्या विषयाला हात घातला. लीकच्या बाजारातला म्हातारा कोण ते तिला कळलं होतं. त्याने ती उलटी केली नाही, कारण उलटी करताना हातातून सुटेल ही त्याला धास्ती होती.

एनॉकने आढेवेढे घेतले नाहीत. ओरखड्याची एकही बाजारात मिळाली नाही, तो म्हणाला. मग त्याने कबुतरांच्या खुराड्यात ती आठवडाभर कडक चहा भरून ठेवली, आत रंग चढेपर्यंत. बूड कोण बघणार, असं त्याला वाटलं होतं.

"फुटली माझ्या हातून," तो म्हणाला. "हात बघतेयस ना."

"बघतेय. आणि कोटाचा खिसाही बघतेय. काय आहे त्यात?"

एनॉकचा हात आपोआप खिशावर गेला.

"शेगडीची बटणं आहेत," फ्लॉरी म्हणाली. "चहादाणी तुझ्या हातून फुटली असती तर तू बटणं काढली नसतीस, एनॉक. कुणी पेटवू नये म्हणून काढलीस?"

एनॉकने खिशावरचा हात काढला. "एल्सीनंच फोडली," तो म्हणाला.

सप्टेंबरातल्या एका दुपारी तो खुराड्यातून परत आला तेव्हा शेगडी पेटलेली होती आणि ज्वाळेवर अ‍ॅडाची चहादाणी होती. एल्सीने किटली समजून ती चढवली होती आणि पलीकडच्या खोलीत जाऊन विणत बसली होती. त्याच्या डोळ्यांदेखत चहादाणी तडकली आणि दुभंगली. आवाज ऐकून एल्सी आलीही नाही. अर्ध्या तासाने तिने चहा झाला का म्हणून विचारलं. त्याने तिला त्याच दिवशी जॅनिसकडे पोचवलं, भिंतींना रंग द्यायचाय असं सांगून.

एल्सी शहाणी आहे हे सिद्ध करायला फ्लॉरी घरातून निघाली होती. ते सिद्ध झालंही होतं. आणि त्याच पुराव्याच्या पोटातून हे निघालं होतं.

"माझ्या नावावर टाक," एनॉक म्हणाला. "मी फोडली, मी लपवली. मग ती वेडी ठरत नाही. ती इथेच राहील."

"आणि शेगडी?"

"बटणं माझ्या खिशात आहेत."

"किती दिवस तू असा पहारा करशील?"

"जितके मिळतील तितके, फ्लॉरी. मला दुसरं काय करायचंय?"

तिने हो म्हटलं. तिच्या बाकावरून कधीही सदोष माल निर्दोष म्हणून पुढे गेला नव्हता, हा पहिला.

५

सोमवारी सगळे पुन्हा त्याच टेबलाभोवती बसले. फ्लॉरीने चहादाणी पालथी घातली आणि जॅनिसला स्वच्छ शिक्का दाखवला. मग एल्सीच्याच कपाटातल्या बशा एकेक करून पालथ्या घातल्या. समजावून सांगायची गरज पडली नाही. जॅनिस याच गावात वाढलेली होती. तिसऱ्या बशीला तिने तोंडावर हात ठेवला.

"तुझ्या आईचं बरोबर होतं," फ्लॉरी म्हणाली. "चूक माझी झाली. अ‍ॅडाच्या चहादाणीवर ओरखडा होता. मला माहीत असायला हवं होतं, कारण तो मीच ओढला होता."

हे शेवटचं वाक्य तिला बोलायचं नव्हतं, पण निघून गेलं. ती एल्सीकडे बघायला धजेना.

"ठाऊक आहे मला," एल्सी म्हणाली. "आईने सांगितलं होतं. म्हणाली, निवडीच्या बाकावरची पोर रडत होती कानस ओढताना."

मग एनॉकने ठरल्याप्रमाणे आपली कबुली दिली. हात थरथरला, पडली, तुला सांगायचा धीर झाला नाही. बोलताना तो इतका खाली बघत होता की खोटं आहे ते कुणाच्याही लक्षात यावं, पण सगळे एल्सीकडे बघत होते. जॅनिस रडत रडत अर्जाचे तुकडे करत होती. फ्लॉरीला वाटलं, आता एल्सी त्याला फाडून खाणार.

एल्सीने त्याचा थरथरता हात धरला. "चहादाणी कुणाच्याही हातून फुटते, एनॉक. रागावले नाही मी. तुकडे कुठे ठेवलेस?"

एनॉकने मागच्या दाराकडे पाहिलं.

दुसऱ्या कुठल्या गावचा माणूस असता तर त्याने ते तुकडे कागदात गुंडाळून कपाटात ठेवले असते, डिंकाने जोडायचा प्रयत्न केला असता. एनॉक भट्टीवरचा माणूस. फुटलेला माल हातगाडीत घालायचा आणि कारखान्यामागच्या टेकाडावर ओतायचा, हेच त्याच्या हातांनी पन्नास वर्षं केलेलं. त्या दुपारी एल्सीला जॅनिसकडे सोडून आल्यावर त्याने तुकडे बादलीत भरले, कुंपणापलीकडे नेले आणि ओतून परत आला. आपण काय ओतलं ते त्याच्या ध्यानात आलं तेव्हा तो घराच्या दारात उभा होता. परत गेला तर त्यातले चहादाणीचे तुकडे कोणते ते ओळखू येईना.

"टेकाडावर," तो म्हणाला.

एल्सी उठली आणि खुंटीवरचा कोट काढू लागली.

६

शंभर वर्षांच्या फुटक्या मालाचं ते टेकाड. पाऊल ठेवलं की पायाखाली ठिकऱ्या करकरायच्या. एल्सी रोज सकाळी जायची आणि अंधार पडेपर्यंत वाकून शोधायची. तिच्याबरोबर एनॉक जायचा, आणि दोघांना एकटं कसं सोडायचं म्हणून फ्लॉरी. नोव्हेंबरचा बारीक पाऊस, बोटं कापलेली, गुडघे चिखलात. निळ्या घंटाफुलांच्या ठिकऱ्यांना तिथे तोटा नव्हता. शेरॅटने ती फुलं तीस वर्षं काढली होती. एल्सी एकेक उचलायची, पुसायची, बघायची आणि टाकून द्यायची. ती वेडी नाही हे आता सगळ्यांनी मान्य केलं होतं, त्यामुळे तिला कुणी अडवूही शकत नव्हतं.

नवव्या दिवशी ती उतारावरून घसरली. एनॉकने तिला सावरायला हात पुढे केला, तो पोचला नाही. ती खालपर्यंत गेली आणि तिथेच बसून हाताखालच्या ठिकऱ्या चाळू लागली. कपाळातून रक्त येत होतं, तिकडे तिचं लक्षही नव्हतं.

एनॉक कसाबसा खाली उतरला आणि तिच्यासमोर चिखलात बसला.

"पुरे, एल्सी," तो म्हणाला. "माझ्या हातून नाही फुटली ती. तू शेगडीवर ठेवलीस. किटली समजून. पेटवून निघून गेलीस."

फ्लॉरी वरूनच ओरडली, "एनॉक, गप्प बस." पण तो बोलून गेला होता.

एल्सीने हातातली ठिकरी खाली ठेवली. ती बराच वेळ आठवायचा प्रयत्न करत असावी. फ्लॉरी वरून तिचा चेहरा बघत होती, आणि तिला दिसलं की एल्सीला काहीच आठवलं नाही. आपल्याला काही आठवत नाही, हे मात्र तिला पुरतं कळलं होतं.

"म्हणून बटणं काढलीस," एल्सी म्हणाली.

एनॉकने मान हलवली.

"आईची होती ती. माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं. ती मी विस्तवावर ठेवली आणि मला पत्ताही नाही." तिने त्याच्या कोटावरचा चिखल आपल्या रुमालाने पुसला. "तू रात्री झोपतोस, एनॉक. तेव्हा खिशावर कोण लक्ष ठेवतं?"

"मी झोपत नाही," एनॉक म्हणाला.

ती उठली. खाली उतरून आलेल्या फ्लॉरीने दिलेला हात तिने धरला, पण घरापर्यंत ती स्वतःच्या पायांनी चालत गेली. घरी जाऊन तिने एनॉककडून जॅनिसला फोन लावून घेतला, आणि फाडलेल्या अर्जाच्या जागी दुसरा मागवला. जॅनिस हात जोडत होती, क्लाइव्ह आपल्याकडे ठेवून घेतो म्हणत होता. एल्सीने कुणाचं ऐकलं नाही. बुधवारी कागद आला. तिने चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि ठळक, वळणदार अक्षरात सही केली.

फ्लॉरीने तिला शहाणी ठरवलं होतं, आणि शहाण्या बाईने जे केलं असतं तेच तिने केलं. दुपारी जॅनिस गाडी घेऊन आली. गाडीत बसण्याआधी एल्सीने एनॉकच्या खिशातून ती चार बटणं काढून घेतली, स्वयंपाकघरात जाऊन शेगडीला आपल्या हाताने बसवली, आणि त्याला म्हणाली की रात्री गरम काहीतरी करून खात जा.